पायऱ्या दाखवा



आठवीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता. विषय होता महर्षी धोंडो केशव कर्वे. मराठीच्या बाईंनी भाषण लिहून दिलं, मी ते आठ दिवस घोकलं, हात कुठे वर करायचा आणि आवाज कुठे चढवायचा हेसुद्धा पाठ केलं आणि दुसरा नंबर मिळवला. बक्षिसाची कंपासपेटी बारावीपर्यंत वापरली. त्या भाषणातले कर्वे अगदी सरळ होते. गरिबी, मग विधवेशी विवाह, मग आश्रम, मग विद्यापीठ, मग भारतरत्न. एकामागून एक पायरी चढत गेलेला ध्येयवादी माणूस.

आपले गणिताचे सर आठवतात ना? उत्तर बरोबर असलं तरी मधल्या पायऱ्या नसल्या की ते अर्धे गुण कापायचे. वहीवर लाल शाईत लिहायचे, पायऱ्या दाखवा. माझं ते भाषण म्हणजे पायऱ्या न दाखवता लिहिलेलं उत्तर होतं. तीस वर्षांनी पुन्हा गणित सोडवायला बसले, त्याला कारण आपलीच संमेलनाच्या तयारीची बैठक.

त्या दिवशी चहा झाल्यावर वाद कसा पेटला ते तिथे असलेल्यांना माहीत आहे. आपल्यातली एक मैत्रीण गेली अठरा वर्षं आश्रमशाळेत शिकवते. माझ्यासारखे बरेच जण कंपन्यांमध्ये आहेत. कोणीतरी थट्टेत म्हणालं की तत्त्वं तिच्याकडे राहिली आणि फ्लॅट आमच्याकडे आले. तिला ते लागलं. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही लागलं. घरी येताना रिक्षात मी विचार करत होते, की व्यवहार आणि ध्येय अशी वर्गाची दोन तुकड्यांत विभागणी खरंच करता येते का? आणि मला कर्वे आठवले. तेही गणिताचेच मास्तर होते.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली इथे आजोळी झाला. घर दापोलीजवळच्या मुरुडला. घरची स्थिती हलाखीची. सतराव्या वर्षी त्यांना सरकारी सहावीची परीक्षा द्यायची होती आणि केंद्र होतं साताऱ्याला. पावसाळ्याचे दिवस. मुरुडहून साताऱ्याचं अंतर सुमारे ११० मैल. धोंडू आणि त्याचे सोबती सह्याद्री चढून पायी निघाले आणि वेळेवर पोचले. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलं, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असं ठरवलं आणि त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. मुलगा होता तसा परत आला. पुढे कोल्हापूरला जाऊन त्यानं तीच परीक्षा दिली आणि पास झाला.

माझ्या भाषणात ही गोष्ट चिकाटीचं उदाहरण म्हणून होती. आज वाचताना मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एक दार बंद झालं म्हणून हा मुलगा त्या दाराशी भांडत बसला नाही. परीक्षा द्यायची हे पक्कं होतं. ती साताऱ्यालाच द्यायची, असं काही त्यानं ठरवलेलं नव्हतं. पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य याच पद्धतीनं गेलं.

मॅट्रिक व्हायला त्यांना १८८१ साल उजाडलं. वय तेवीस. आपण त्या वयात नोकरीला लागून पहिला मोबाइल घेतला होता. मुंबईत शिकवण्या करत त्यांनी १८८४ मध्ये गणित घेऊन बी. ए. केलं, मग शाळांमधून शिकवलं. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. टिळकांनी राजीनामा दिल्यामुळे ती जागा रिकामी होती. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

तेहतीस वर्षांच्या कमावत्या विधुराला त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळत असे. आठव्या-नवव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला मात्र जन्मभर अलवण. कर्व्यांनी ठरवलं की लग्न केलं तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी ती एक. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या बाया.

नवं जोडपं मुरुडला गेलं तेव्हा गावानं बहिष्कार घातला. यांना घरात घेईल त्याच्यावरही बहिष्कार, म्हणजे शिक्षा कर्व्यांच्या आईला आणि भावाला. इथे तडजोडीला जागा नव्हती आणि कर्व्यांनी ती केलीही नाही. लग्न मोडायचं नव्हतं, प्रायश्चित्त घ्यायचं नव्हतं. आईला मात्र गावातच राहायचं होतं, म्हणून त्यांनी आपल्या घरापासून दूर राहणं पत्करलं.

त्याच वर्षाच्या अखेरीला त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. इथवरचा प्रवास माझ्या आठवीच्या भाषणाशी जुळतो. पुढे मात्र वळण येतं.

१८९३ मध्येच शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला. पुण्यात गदारोळ उठला, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. कर्व्यांनी हे जवळून पाहिलं. विधवांना शिकवणारी संस्था कितीही चांगली असली तरी घरच्यांचा विश्वास उडाला की पहिल्यांदा मुलगीच परत घरी ओढली जाते, आणि मग ती कायमची आत. दुसरीकडे पुनर्विवाहाचं काम मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. त्यांनी हिशेब मांडला असणार. पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिकायला तयार होतील अशा मात्र शेकडो, पण त्यांचे बाप-भाऊ पाठवतील तर.

१८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि एक गोष्ट निक्षून ठरवली, की आश्रमात शिक्षण मिळेल, पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही. ज्यानं स्वतः विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसला, त्यानंच. सनातन्यांचा विश्वास बसेना, कारण संस्थापकाचं घर त्यांना दिसत होतं. सुधारक नाराज झाले, कारण त्यांना वाटलं की कर्वे घाबरले. पुढे तर दोन कामांची सरमिसळ होते असा संशय राहू नये म्हणून त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीतली आपली जबाबदारी सोडली. स्वतःच्या लग्नाबद्दल त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही. पण जी गोष्ट स्वतःच्या आयुष्यात करून दाखवली, तिचं नाव संस्थेच्या दारावर लावायचं नाही, हे त्यांनी मान्य केलं.

आमच्या धंद्यात याला एक साधा नियम आहे. दोन कामं एकमेकांत गुंतवून ठेवली की एक बिघडलं तर दुसरंही बंद पडतं. म्हणून ती वेगळी ठेवायची, एकाला धक्का लागला तरी दुसरं चालू राहावं म्हणून. कर्व्यांनी हे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी केलं, आणि तेही मित्रांच्या शिव्या खाऊन.

१८९९ मध्ये आश्रम पुण्यात सुरू झाला. शहरात प्लेगची धास्ती होती. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. तेवढ्यात एक झोपडी उभी राहिली आणि १९०० मध्ये आश्रम तिथे गेला. आजूबाजूला माळ, रस्ता नाही, दिवे नाहीत. कॉलेजातले तास संपवून कर्वे संध्याकाळी चालत हिंगण्याला जात आणि सकाळी परत शहरात येत. सुट्ट्या लागल्या की गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. देणगी चार आण्यांची असली तरी तिची नोंद व्हायची. ज्या माणसाला गावानं वाळीत टाकलं होतं, त्याच्या हातात लोक पैसे ठेवत, कारण त्याच्या हिशेबात चूक सापडत नसे.

इथे थोडं थांबून बायांकडे पाहायला हवं. भाषणात त्यांच्या वाट्याला माझ्याकडून दीड वाक्य आलं होतं. कर्व्यांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली, आणि पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. ज्यांनी घरात ईएमआय आणि मुलांची फी यांचा ताळमेळ बसवला आहे त्यांनी क्षणभर कल्पना करून पाहावी. नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर पदरात मुलं आणि हातात काही नाही. बायांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात आपला संसार आडपडदा न ठेवता मांडला आहे, त्यातला राग आणि ओढाताण दोन्ही. त्या रडत बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन सुईणीचं काम शिकून आल्या, म्हणजे वेळ आली तर चार पैसे स्वतः मिळवता यावेत. कर्व्यांना व्यवहार कळत होता तो संस्थेचा. घरचा व्यवहार बायांनी सांभाळला, म्हणून अण्णांना ध्येयवादी राहता आलं. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले या तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. त्या आश्रमात शिकल्या, मग आश्रमाच्या कामाला वाहून घेतलं आणि निधी जमवायला थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. कर्व्यांचं कार्य असं आपण म्हणतो, त्यात या दोन बहिणींचा वाटा किती मोठा आहे ते पायऱ्या मांडल्याशिवाय दिसत नाही.

आता अवघड पायरी. सनातन्यांचा विश्वास टिकवायचा, तर आश्रमात कोणाला घ्यायचं हेही त्यांना रुचेल असंच ठरवावं लागलं. सुरुवातीच्या काळात आश्रम ब्राह्मण मुलींपुरता राहिला. विठ्ठल रामजी शिंदे आपली बहीण जनाक्का हिला तिथे प्रवेश मिळावा म्हणून गेले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. शिंद्यांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. दोघांनाही आज आपण महर्षी म्हणतो. एका महर्षीनं दुसऱ्या महर्षीच्या बहिणीला दारातून परत पाठवलं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कर्वे दुष्ट नव्हते. जनाक्कांना घेतलं तर वर्गणी थांबेल, पालक मुली काढून नेतील, आणि आहेत त्यांचंही शिक्षण बुडेल, हा त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. पण हिशेब बरोबर असला तरी त्याची किंमत कोणी भरली? सही कर्व्यांची होती. परतीच्या रस्त्यानं चालत गेल्या त्या जनाक्का.

विद्यापीठाची गोष्टही अशीच दुहेरी आहे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. १९१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईतल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतातही तसं विद्यापीठ हवं असं मांडलं आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१६ मध्ये, ते सुरू केलं. सरकारची मान्यता नाही, इमारत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी. पण कुलगुरुपदी रँग्लर परांजपे आणि कुलपतिपदी भांडारकर, म्हणजे विरोधकालाही हसता येणार नाही अशी माणसं. शिक्षण मातृभाषेतून. पदवीचं नाव गृहीतागमा. गांधीजींना मातृभाषेचं माध्यम पसंत होतं, पण इंग्रजी सक्तीची नको, ऐच्छिक असावी असं त्यांचं म्हणणं होतं. कर्वे म्हणाले, इंग्रजी हवीच. मतभेद मिटला नाही, तरी गांधीजींनी दरसाल दहा रुपये देण्याचं कबूल केलं. कर्व्यांनी आपलं मत बदललं नाही आणि दहा रुपयेही परत केले नाहीत. मला हा प्रसंग फार आवडतो.

मात्र या विद्यापीठाचा पाया असा होता की बहुतेक स्त्रिया घरसंसारच करणार, तेव्हा त्यांचा अभ्यासक्रमही त्याला धरून असावा. मुलामुलींना एकच शिक्षण हवं असं आगरकर सांगून गेले होते. त्यांच्या विचारात वाढलेल्यांना हा मागे जाणारा रस्ता वाटला. इंजिनिअर बाई म्हणून मलाही हे खटकतं. पण तेव्हाच्या बापाच्या जागी बसून पाहते, तेव्हा दिसतं की त्याला मान्य होईल असा रस्ता हाच होता. मुलगी एकदा कॉलेजच्या आवारात आली की पुढे काय होईल ते बापाच्या हातात राहत नाही, हे गणिताच्या मास्तरांना पक्कं ठाऊक असावं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव लागलं. पुढे १९३६ मध्ये विद्यापीठाचं ठाणंही मुंबईला गेलं. पुण्यात उभं केलेलं काम दुसऱ्या नावानं, दुसऱ्या गावी. अण्णांनी दोन्ही मान्य केलं. सरकारी कायद्यानं मान्यता मिळायला १९४९ साल उजाडलं. तोवर तेहतीस वर्षं ते चालूच होतं.

१९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते विद्यापीठासाठी जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका आणि मग ज्या पुस्तिकेनं सुरुवात करून दिली त्या जपानमधलं विद्यापीठही पाहून आले. नंतर आफ्रिकेचा दौरा. सगळीकडे तेच, व्याख्यान द्यायचं आणि वर्गणी मागायची.

इथे कर्व्यांच्याच घरातली एक गोष्ट सांगते. थोरला मुलगा रघुनाथ हाही गणिताचा प्राध्यापक. त्यानं संततिनियमनाचा प्रचार सुरू केला आणि त्यापायी १९२५ मध्ये मुंबईच्या विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्याचे वकील होते, तरी हार झाली. वडिलांनी ज्या तडजोडी केल्या त्यातली एकही मुलानं केली नाही. वडिलांच्या मागे विद्यापीठ राहिलं. मुलाच्या मागे संस्था राहिली नाही, पण त्याचं म्हणणं आज सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. यशस्वी कोण? आमच्या बैठकीतल्या वादाचं उत्तर शोधायला मी निघाले होते, आणि एका घरातच दोन उत्तरं सापडली.

पण माझं मन अडकलं ते वडिलांच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत. विद्यापीठ स्थिरावलं होतं. आरामखुर्चीत बसायला कोणाची हरकत नव्हती. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम शिक्षण मंडळ काढलं. स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनमधून काही रक्कम घातली आणि पुन्हा वर्गणीची वही घेऊन फिरू लागले. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ स्थापन केला. १९४८ मध्ये जातिनिर्मूलनासाठी संस्था काढली.

हे कळल्यावर मला जनाक्का पुन्हा आठवल्या. तरुणपणी जातीच्या प्रश्नापुढे संस्थेसाठी मान तुकवलेला माणूस नव्वदीला पोचताना त्याच प्रश्नाकडे परत आला. आता गमावण्यासारखी संस्था हाताशी नव्हती, म्हणून ते सोपं होतं, असं कोणी म्हणेल. असेलही. पण त्या वयात बहुतेक माणसं आपण केलेल्या तडजोडींना शहाणपण म्हणू लागतात. अण्णांनी राहिलेलं काम राहिलेलंच मानलं. जनाक्कांना मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. उशिरा फेडलेलं देणं ज्याचं होतं त्यालाच मिळतं असं नाही.

१९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये वयाला शंभर पूर्ण झाली त्या वर्षी भारतरत्न. बाया हे पाहायला नव्हत्या, त्या १९५० मध्येच गेल्या होत्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन, अण्णा पुण्यात गेले.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण पायऱ्या दाखवायच्या तर स्वतःच्याही दाखवल्या पाहिजेत. हिंगण्याला आज कर्वेनगर म्हणतात. कर्व्यांच्या संस्थेनं १९९१ मध्ये तिथे मुलींसाठी कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. मी तिथेच शिकले. ज्या माळावर चार विधवा मुलींना शिकवलं जायचं, तिथे मी चार वर्षं मैत्रिणींबरोबर वडापाव खात सबमिशनच्या फायली पूर्ण केल्या आणि आवारातल्या कर्व्यांच्या नावाकडे एकदाही नीट पाहिलं नाही. घरसंसाराचा अभ्यासक्रम आखणाऱ्या अण्णांच्या संस्थेतूनच मी इंजिनिअर होऊन बाहेर पडले.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीमकडे एक अ‍ॅप होतं. दृष्टिहीन माणसांना ते वापरता यावं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं फोननं वाचून दाखवावं, असं मूळ आराखड्यात होतं. तारीख जवळ आली, माणसं कमी पडली, आणि ते काम नंतर करू असं मीच ठरवलं. कोणी जबरदस्ती केली नाही. निर्णय व्यवहाराला धरून होता, अ‍ॅप वेळेवर गेलं, सगळ्यांचं कौतुक झालं. आमच्यात अशी राहिलेली कामं एका यादीत लिहून ठेवतात. मी लिहिलं आणि विसरले. तीन वर्षं. त्या यादीत माझ्याच हातचं नंतर हा शब्द होता आणि त्यापुढे तारीख नव्हती.

कर्व्यांबद्दल वाचत असताना ती यादी मी पुन्हा उघडली. गेल्या उन्हाळ्यात ते काम पूर्ण झालं. भारतरत्न मिळण्यासारखं त्यात काही नाही. तीन वर्षांत कंटाळून ज्यांनी ते अ‍ॅप काढून टाकलं असेल, ते परत येणार नाहीत हेही मला माहीत आहे.

तर बैठकीतल्या वादाबद्दल माझं म्हणणं एवढंच. आश्रमशाळेतली आपली मैत्रीण रोज व्यवहार करते. शाळेच्या छपराचे पत्रे, पोषण आहाराचा तांदूळ, शाळा मध्येच सोडणारी मुलगी आणि तिचा बाप, या सगळ्यांशी तिला जुळवून घ्यावं लागतं. आणि आम्ही कंपनीवाले ध्येय अगदीच विकून बसलेलो नाही, आम्ही ते नंतरवर टाकलेलं आहे. तडजोड केल्यानं माणूस ध्येयातून उठत नाही, हे कर्व्यांनी दाखवलं. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. काय कधीच सोडायचं नाही ते आधी ठरलेलं असावं लागतं. आणि जे सोडलं, ते कोणाच्या वाट्याचं सोडलं, त्याची नोंद ठेवावी लागते, तिच्याकडे परत जावं लागतं. पहिली गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे. दुसरीबद्दल ज्यानं त्यानं आपापली वही उघडून पाहावी.

संमेलनाला गणिताचे सर येणार आहेत असं कळलं. सर, या वेळी सगळ्या पायऱ्या मांडल्या आहेत. उत्तर बरोबर आहे की नाही याची खात्री नाही. गुण तुम्ही द्या.